आल्यावर आत नेतो

मोबाइल ठेवा रे खिशात, बॅटरी जपून वापरा. लाइट काही इतक्यात यायची नाही. सगळी हयात वायरमनकीत गेली माझी. कुठली लाइट पाच मिनिटांत येते आणि कुठली रात्रभर रडवते, ते मला पंखा कसा थांबला त्यावरून कळतं.

भुताची गोष्ट? भूतबीत मला माहीत नाही. घडलं ते सांगतो. माझ्यासमोर घडलेलं नाही, हे आधीच कबूल करतो. पण ज्याच्यासमोर घडलं तो माझा जिवलग दोस्त, आणि तो थापा मारणारा नाही. थापा मारायला डोकं थंड लागतं. ह्याचं जरा काही झालं की उडायचं, म्हणून तर आम्ही त्याला फ्यूज म्हणायचो.

फ्यूजचं रिपेअरिंगचं दुकान. रेडिओ, रिमोट, मिक्सर, आणाल ते दुरुस्त करायचा. एक टेबल, वर लोंबणारा दिवा, मागे चहापुरता गॅस आणि गिऱ्हाइकाला बसायला एक बुटकं स्टूल. तारीख डिसेंबरची अकरा. माझ्या नोकरीतला तो शेवटचा महिना, आणि त्या रात्री लाइनवर ड्यूटी माझीच होती. एवढं ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

संध्याकाळी दुकानात एक बाई आली. रुमालात गुंडाळून व्हिडिओ गेम आणला होता. तुमच्या मोबाइलमधला नव्हे रे, हातात धरून खेळायचा, जुना, कॅसेट घालायचा. तिच्या भावाच्या लहानपणीचा, त्याने भाच्याला, म्हणजे तिच्या मुलाला दिलेला.

"दादा, हा चालू होतो आणि मिनिटभरात बंद पडतो," ती म्हणाली. "लाल दिवा लागतो, मंद होत जातो, की संपलंच."

फ्यूजने मागचं झाकण काढलं. आत सेल फुटून पांढरं-हिरवं साचलेलं, सेल टेकायच्या पत्र्या गंजून गेलेल्या.

"अहो वहिनी, सेल कधी बदलले होते?"

"मी नाही बदलले. त्याने स्वतः घातलेत ते, म्हणून मी..."

फ्यूजच्या काही लक्षात आलं नाही. त्याने पत्र्या घासल्या, स्पिरिटने पुसल्या, खरखरणारं बटण साफ केलं. तेव्हा त्याला गेमला बांधलेली दोरी दिसली. चावून चावून चोथा झालेली. हा आपला नेहमीसारखा हसत म्हणाला, "घरी कुत्रं पाळलंय वाटतं?"

"नाही हो, मुलगा. खेळताना तोंडात काहीतरी लागायचंच त्याला. दोरी, पेन्सिल, शर्टाची कॉलर, अगदी चार्जरची वायरसुद्धा. ओरडून ओरडून घसा बसायचा माझा."

"मग आज कुठे ठेवून आलात उंदराला?"

बाईने टेबलावरचा रुमाल उचलून त्याची घडी घातली. मग सांगितलं तिने. फ्यूजला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुसरीतलं पोर. त्या दिवशी सकाळीच त्याचा वरचा, अगदी समोरचा दात पडला होता. मुलं हसतील म्हणून शिकवणीला जायला तयार नव्हता, गेम घेऊन बसला होता. आईने घाई केली. "ठेव ते आता, उशीर होतोय." त्याने ऐकलं. जाताना म्हणाला, "आई, माझ्या माणसाला दारापर्यंत आणून ठेवलंय. आल्यावर आत नेतो." परत येताना, घर हाकेच्या अंतरावर राहिलं असताना, टेम्पोने...

जाऊ दे. तेवढं तरी नको सांगायला.

फ्यूजने आपल्या ड्रॉवरमधले दोन सेल गेममध्ये घातले आणि चालू केला. पडद्यावर एक छोटं घर. बंद दार. दाराबाहेर टोपी घातलेला एवढासा माणूस उभा. ती माउली रोज रात्री गेम लावून एवढंच बघायची. मिनिटभर दिसायचा तो, मग काळोख. तिला खेळता येत नव्हतं. भलतंच काही दाबलं जाऊन सगळं पुसलं गेलं तर, म्हणून बटणाला बोटही लावायची नाही.

"आत नेऊ का ह्याला?" फ्यूजने विचारलं. बिचाऱ्याला वाटलं, बरं वाटेल तिला.

तिने पटकन त्याचा हात धरला. "नको, नको! तो म्हणालाय, मी आल्यावर नेतो."

आता ऐका. गेम बरा झाला, पण खरं दुखणं कॅसेटमध्ये होतं. तिच्या पोटात बटणाएवढा एक सेल असतो. खेळ कुठवर आला ते लक्षात ठेवायचं काम त्याचं. फ्यूजने वीज मोजायचा मीटर लावून पाहिला, तर तो सेल अखेरच्या घटका मोजत होता. सेल मेला की घर, दार, माणूस, सगळं कोरं. बरं, बदलायला म्हणून काढला तरी कोरं! उपाय एकच. बाहेरून दोन वायरी जोडून वीज देत राहायची, तेवढ्यात जुना सेल काढून नवा सोल्डर करायचा, म्हणजे तापल्या गनने धातू वितळवून डकवायचा. क्षणभर जरी वीज तुटली तरी खेळ खलास.

"जाणार नाही ना हो तो?" बाईने विचारलं.

"नाही जाणार वहिनी. माझ्यावर सोडा."

ती उठली, पण पाय निघेना. "दोन्ही इथे ठेवून रिकाम्या हाताने नाही जाववत मला." मग कॅसेट ठेवली आणि गेम घेऊन गेली. गेमबरोबर फ्यूजचे दोन सेलही गेले. एरवी असल्या कामाला तो तेच सेल जोडायचा. परत कसे मागणार? म्हटलं, अ‍ॅडॅप्टर आहे की, भिंतीच्या प्लगवर चालणारा. चांगुलपणा नडतो म्हणतात ना, तो असा.

सकाळपर्यंत जुना सेल टिकेल याचा भरवसा नव्हता. म्हणून जेवून परत दुकानात आला, शटर अर्धं ओढलं आणि बसला. पावणेबारा वाजले होते. लाल वायर जोडली, काळी जोडली, मीटर लावला. आकडा तीन व्होल्ट, जसा हवा तसा. जुना सेल काढला. नवा चिमट्यात धरला.

आणि लाइट गेली.

का गेली ते मला विचारा. ट्रान्सफॉर्मर उडाला होता. मी त्याच्याच खाली उभा होतो, हातात टॉर्च घेऊन, आणि सगळी आळी काळोखात होती. तेव्हा कुठून वीज आली असेल असं म्हणू नका. नव्हती. कुठेच नव्हती.

मीटरला स्वतःचा सेल असतो. त्याचा आकडा तेवढा उजळत होता, आणि अ‍ॅडॅप्टरमध्ये उरलेली वीज ओसरेल तसा उतरत होता.

पावणेतीन.

अडीच.

दोनच्या खाली गेलं की संपलं. फ्यूज मनात म्हणत होता, त्या बाईला आता कुठलं तोंड दाखवू? तिचं पोर दुसऱ्यांदा...

सव्वादोन.

आकडा थांबला.

मग चढायला लागला. अडीच. पावणेतीन. तीन.

लाइट आली वाटतं, म्हणून त्याने वर पाहिलं. दिवा बंदच होता. त्याने मोबाइलचा टॉर्च अ‍ॅडॅप्टरवर मारला. लाल वायरचं टोक तिथून निसटलं होतं. खाली लोंबायला हवं होतं ते.

लोंबत नव्हतं.

ताणलेलं होतं. टेबलाच्या कडेपलीकडे... स्टुलाच्या बाजूला... स्टुलावर लहान मूल बसलं तर त्याच्या तोंडापाशी येईल, एवढ्या उंचीवर.

टॉर्च तिकडे वळवायची त्याची छाती झाली नाही.

श्वास ऐकू येत होता. पळत आल्यासारखा...

...ए, सरकून बस इकडे. नाही रे, काही नाही तिथे. मांजर असेल.

फ्यूजने मोबाइल कॅसेटवर रोखून ठेवला आणि खाली मान घालून काम सुरू केलं. सोल्डरगन अजून गरम होती. एक टाका बसला. दुसऱ्याला गन गार पडली. आता ती मागच्या गॅसवर तापवायला हवी. म्हणजे उठायचं. म्हणजे पाठ फिरवायची.

उठला तो. बोबडी वळली होती. तरी तोंडातून निघून गेलं, "बाळा... धर हं. सोडू नकोस. आलोच मी."



वायर जराशी अजून ताणली गेली.

गॅसवर गन तापवताना तो रडत होता. भीतीने की कशाने, त्याचं त्यालाही सांगता येत नाही. परत आला. वायर तिथेच, तशीच. दुसरा टाका बसला.

"झालं रे बाळा."

वायर खाली पडली. श्वासही थांबला. लाइट पहाटे आली, मीच चालू केली.

सकाळी दुकान उघडायला गेला तर बाई आधीच पायरीवर बसलेली. रात्रीचं अवाक्षर काढायचं नाही असं फ्यूजने ठरवलं होतं. गेममध्ये कॅसेट घातली. घर दिसलं, दार दिसलं. टोपीवाला माणूस दाराबाहेर तसाच उभा. तिने गेम छातीशी धरला. मग डोळे पुसताना तिची नजर टेबलावर गेली.

लाल वायर उचलली तिने. टोकापाशी प्लास्टिक चावलेलं होतं. त्यावरून बोट फिरवत राहिली, फिरवत राहिली, आणि एकदम रस्त्यावर ऐकू जाईल अशी ओरडली, "वायर तोंडात घालायची नाही म्हणून किती वेळा सांगितलं रे तुला!"

मग मात्र फ्यूजला राहवलं नाही. सगळं सांगून टाकलं. ऐकताना तिने वायर हातातून सोडली नाही.

"म्हणजे आला होता," ती म्हणाली. तिने गेम पुन्हा पुढ्यात घेतला. "दादा, आत न्यायचं बटण कुठलं?"

फ्यूजने दाखवलं. तिने अंगठ्याने ते दाबलं. छोटा माणूस एक पाऊल पुढे गेला. दार उघडलं. आत गेला. दार लागलं. ती त्या बंद दाराकडे बघत बसली, मग तिने स्वतःच्या हाताने गेम बंद केला.

वायर नेली नाही तिने. म्हणाली, "तुमच्याकडेच राहू दे. घरी नेली तर मी रोज रात्री दार उघडं टाकून बसेन."

अजून आहे ती. टेबलावरच्या खिळ्याला टांगलेली. मी हातात घेऊन पाहिली आहे. उंदराने कुरतडली असेल, असं म्हणणारे शहाणेही भेटले मला. असेल बुवा. पण त्या खुणा अगदी बारक्या दातांच्या आहेत, एकाशेजारी एक, आणि मधोमध एका दाताची जागा मोकळी आहे.