मडक्याचा उजवा काठ

"खालची ओळ वाचा."

दोन लाल कांदे.

एक बकरी. सोफ्यासारखी दिसणारी.

"क्लासमा शे, माय. नंतर फोन करसू."

जमिनीवर खडूचे चार गोल.

डावं कोपर... नुसतं डावं कोपर.

एचबी

मला उशीर झाला, एवढंच झालं. देवळाली कॅम्पातल्या चष्म्याच्या दुकानात मी दिवसभर लोकांना अक्षरं वाचायला लावते. त्या दिवशी शेवटच्या सुभेदारसाहेबांना खालची ओळ काही केल्या दिसेना, आणि मी नाशिकला जेलरोडच्या शाळेत पोचले तेव्हा चित्रकलेच्या क्लासातली अकरा स्टुलं भरलेली होती. बारावं रिकामं होतं — एका उंच मुलाच्या मागे, जरा डावीकडे.

"या," तो मागे न वळताच म्हणाला. "ही जागा कुणी घेतली नाही. माझ्यामुळे."

"का? चावता?"

"डावखुरा आहे."

मला काही कळलं नाही. मग झुंबर सरांनी मधल्या टेबलावर एक मडकं, एक पितळी तांब्या आणि दोन कांदे मांडले. सगळ्यांनी कागदावर पेन्सिली टेकवल्या, आणि त्याचं डावं कोपर पंखासारखं बाहेर आलं. बरोबर माझ्या मडक्यावर.

झुंबर सर निवृत्त ड्रॉइंग मास्तर. त्यांचे नियम दोन. खोडरबर वर्गात आणायचा नाही; रेघ चुकली तर चुकू द्या, शेजारी बरोबर काढा. आणि पहिल्या दिवशीची जागा हीच तीन महिन्यांची जागा. खडू घेऊन ते स्वतः खाली बसले आणि प्रत्येक स्टुलाच्या चारही पायांभोवती गोल काढत गेले. "स्टूल वीतभर सरकलं की मडकं बदलतं," ते म्हणाले.

तो मुलगा देखणा होता.

चुकली. देखणा नव्हता. कानावर पेन्सिल खोचून तीच पेन्सिल तो जमिनीवर शोधत होता, आणि मी मुद्दाम सांगितलं नाही.

टू बी

नाव गोरक्ष. सटाण्याकडचा. वर्गात मायचा फोन आला की अहिराणीत पुटपुटून ठेवून द्यायचा.

"पोरी, तुला मडकं दिसतं का गं?" माझ्या शेजारच्या शकुबाईंनी दुसऱ्याच आठवड्यात विचारलं. शकुबाई बासष्टच्या, दवाखान्यातली नोकरी संपवून आलेल्या. त्यांना फक्त मोर काढायचा होता आणि सर मडक्याच्या पुढे जात नव्हते.

"दिसतं की."

"मला तर तिथून मास्तरच दिसला असता नुसता."

त्या गोरक्षला मास्तर का म्हणतात, ते मला त्याच्या वहीच्या शेवटच्या पानामुळे कळलं.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"बकरी."

"बसलीय?"

"उभी आहे!"

"सोफ्यावर?"

तो हसला. मला हसू दिसलं नाही. त्याचा डावा कान तेवढा मागे सरकला. तेव्हापासून तो कान सरकवणं हे माझं एक काम होऊन बसलं.

"बकरी कशाला पण?"

"सुरगाण्याच्या वरच्या पाड्यावर शाळा मिळालीय. जूनमध्ये हजर व्हायचं. माझी बोली अहिराणी, तिथली पोरं कोकणा आदिवासींची कोकणी बोलतात. शाळा बघायला गेलो तेव्हा एका चिमुरडीला विचारलं, तुझं नाव काय? तिनं बकरी दाखवली."

"मग?"

"मग काय... मी फळ्यावर काढणार, पोरं मला नाव सांगणार. तीही शिकतील, मीही. पण त्यासाठी निदान बकरी ओळखू यायला नको?"

जून. तेव्हा मार्च चालू होता. भिंतीवरच्या कॅलेंडरात मध्ये फक्त दोन पानं होती.

फोर बी

एप्रिलमध्ये संध्याकाळी सहालाही भिंती तापलेल्या असत. पंखा लावला की बारा कागद फडफडायचे, बंद केला की बारा कपाळं भिजायची. टेबलावरच्या कांद्यांना कोंब आले. शकुबाई म्हणाल्या, "सर, आता फेका ते. नाहीतर भाजीला तरी द्या." सर म्हणाले, "कोंब आले ना? कोंबही काढा."

"लाल कांदा आहे," गोरक्ष पुटपुटला. "हा टिकत नाही. आमचा उन्हाळी असता तर दिवाळीपर्यंत हलला नसता."

"मग टिकणारं काहीतरी आणायचं होतं," मी म्हणाले.

त्याची पेन्सिल थांबली. कान सरकला नाही... मान जराशी वळली, आणि परत सरळ झाली.

सोमवारी निळी बाही. बुधवारी पांढरी, कोपराशी विरलेली. शुक्रवारी पोपटी — ती धुऊन धुऊन फिकट झालेली. बाहीच्या दोनच घड्या, कधी तीन नाहीत. कोपरावर एक जुना व्रण, सायकलवरून पडल्याचा. (हे मी विचारलं. चौदा दिवस वाट बघून विचारलं.) माप घ्यायला तो हात लांब करून पेन्सिल उभी धरायचा, एक डोळा मिटायचा, आणि माझ्या समोरून अर्धं मडकं नाहीसं व्हायचं.

घरी गेल्यावर मी त्याचा विचार करत नसे.

चुकली. करत असे. भांडी घासताना, गाडीला किक मारताना. दुकानात एका बाईंनी तळहातानं उजवा डोळा झाकला, त्यांचं कोपर वर आलं... आणि मी पुढची ओळ वाचा म्हणायचं विसरूनच गेले.

बोलले मात्र काही नाही. आमचं घर विहारासमोर, त्यांच्या देव्हाऱ्यात खंडोबाचे टाक. हे एकमेकांना सांगावं लागत नाही. आडनावं कळली की कळतं. आणि जूनमध्ये माणूस जाणारच असेल तर घरात आग कशाला लावायची? असं मी स्वतःला समजवायचे. आठवड्यातून तीन वेळा. सोम, बुध, शुक्र.

सिक्स बी

सगळ्यात काळी पेन्सिल. सरांनी ती शेवटच्या शुक्रवारसाठी ठेवली होती. सोमवारी गोरक्षला शाळेवर हजर व्हायचं होतं.

त्या दिवशी सरांनी टेबलावर चादर टाकली. "तीन महिने बघितलंत ना? आता भिंतीकडे तोंड करून बसा आणि आठवून काढा."

मी डोळे मिटले. मडकं आलं. तांब्या आला, कांदे आले, कोंब आले. हात आपोआप चालला. तीन महिन्यांत पहिल्यांदाच मला कुठं अडल्यासारखं वाटलं नाही.

सरांनी बारा चित्रं दोरीला चिमट्यांनी लावली. अकरा मडकी. बारावं...

"साक्षी," सर माझ्या चित्रापुढे उभे राहिले. "मडकं बरोबर आहे. सावलीही चांगली. पण हा उजवा काठ कुठं गेला?"

माझ्या मडक्याला उजवा काठ नव्हता. तिथं कोरा कागद होता. वर गोल, खाली निमुळता, मध्ये एक टोक.

"कुणी खाल्लं का काय?" शकुबाई म्हणाल्या. वर्ग हसला.

"मला... तेवढंच आठवलं, सर."

सर चित्राकडे बघत राहिले. मग माझ्याकडे. मग दुसऱ्याच कुणाकडे तरी. "राहू दे," ते हळूच म्हणाले. "खोट्या काठापेक्षा हे बरं."

गोरक्ष हसला नव्हता. तो स्वतःच्या हाताकडे बघत होता.

सगळे चपला घालून गेले. शकुबाईंनी जाताना माझा दंड जोरात चिमटला. मी चित्र काढून घ्यायला दोरीपाशी गेले, तर तो तिथं होता.

"हे माझं कोपर आहे," तो म्हणाला.

मी दोरीवरचा चिमटा ओढत राहिले. तो निघेचना.

"तीन महिने मी तुमच्या मध्ये होतो. सांगायचं ना, जरा सरका म्हणून."

"सरकला असतात?"

"हो. लगेच."

"म्हणूनच नाही सांगितलं."

बाहेर कुणीतरी गाडी सुरू करत होतं; ती काही सुरू होत नव्हती. गोरक्षचे दोन्ही कान लाल झाले होते. दोन्ही! उजवा मी पहिल्यांदा एवढ्या जवळून बघत होते.

"माझ्या चित्रात तुम्ही कुठंच नाही," तो म्हणाला. "तुम्ही मागं होतात. मला नुसता आवाज यायचा. पेन्सिलीचा... बांगडीचा. तुम्ही कागद उलटला की मी समजायचो, आज जमलं नाही."

"आता काढा मग."

"आत्ता?"

"सोमवारी कधी काढणार?"

त्यानं स्टूल उचललं, फिरवलं आणि माझ्यासमोर बसला. मीही बसले. वही मांडीवर, पेन्सिल डाव्या हातात. पण त्याची पेन्सिल कागदाला लागेना.

"काढा ना."

"थांबा. आधी बघून घेतो."

रोज चाळीस माणसांच्या डोळ्यांत मी बॅटरी मारून बघते. माझ्याकडे असं कुणी बघितलं नव्हतं. मी खाली बघितलं, वर बघितलं, कपाळावरचे केस मागे घेतले, पुन्हा पुढे ओढले.

"हलू नका."

"नाही हलत."

"तुमच्या घरी... चालेल?"

"नाही. तुमच्या?"

"लगेच नाही. माय पंधरा दिवस बोलायची नाही."

"आमच्याकडे महिना लागेल."

दोघांनाही हसू आलं. हसताना मी हललेच.

"सुरगाणा लांब आहे हो, साक्षी," तो म्हणाला. नाव त्यानं पहिल्यांदाच घेतलं, आणि फार सांभाळून घेतलं. "वर पाड्यावर रेंज नसते. जीप भरल्याशिवाय निघत नाही. बदली लवकर होत नाही. मी थांबा म्हणत नाही तुम्हाला."

"मग काय म्हणता?"

त्यानं वही मिटली. पान कोरंच होतं.

"थांबा म्हणतो."

फाटकापाशी शालिमारची शेअर रिक्षा उभी होती, आत एकाची जागा. रिक्षावाला ओरडला, "येताय का, भाऊ?" गोरक्ष एक पाय आत ठेवून तसाच राहिला.

"रविवारी शाळा नसते ना?" मी विचारलं.

"नसते."

"झालं मग."

रिक्षा वळली. त्याचं कोपर बाहेर होतं. ते दिसेनासं होईपर्यंत मी उभी राहिले, आणि मग रस्ता सगळा दिसायला लागला. पार चौकापर्यंत. मला तो तसा नको होता.

मला नंतर कळलं, एप्रिलच्या तीस तारखेलाच गोरक्षनं नाशिकमधली खोली सोडली होती. त्यानंतर तो क्लासला सटाण्याहून अडीच-तीन तास एसटीनं यायचा, आणि सटाण्यात त्याच्या घरामागच्या गल्लीत चित्रकलेचा एक क्लास आहे.