काखेतला दाणा

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. खुर्ची जरा पुढे घ्या. आत ती झोपली आहे, मला आवाज वाढवायचा नाही.

काम अगदी साधं होतं. संग्रहालयाच्या तळघरात ब्राँझचे सात पुतळे आहेत, त्यांना मेण लावायचं. दोन-तीन वर्षांनी मेण लागलं नाही तर ब्राँझवर हिरवा थर चढतो आणि धातू खात बसतो. नेहमीच्या माणसाची पाठ धरली, म्हणून त्यांनी मला फोन केला. मी आयुष्यभर ओतशाळेत घासकाम केलं. धातू ओतारी ओततो, नाव शिल्पकाराचं होतं, आणि मधल्या मधे कानशीने घासून घासून पुतळ्याचं अंग नीट करणारा जो माणूस असतो, तो मी. साच्यात हवेचा बुडबुडा राहिला की तिथे धातूचा दाणा उठतो. दाणा दिसला की कानस चालवायची, एवढं एकच शास्त्र मला येतं. सगळे मला कानसवालेच म्हणतात. खरं नाव विजेच्या बिलावर आहे.

सातातला एक पुतळा माझ्या बायकोचा आहे, हे मात्र मी फोनवर सांगितलं नाही.

लोक आधी मुलगी बघतात, मग पुढचं ठरतं. माझं उलटं झालं. मी आधी तीन आठवडे तिचा पुतळा घासला आणि मग तिला पाहिलं. ती तेव्हा चोवीस वर्षांची होती, शिल्पकार बाईंकडे मॉडेल म्हणून उभी राहायची आणि घरी सांगायची की टायपिंगच्या क्लासला जाते. पुतळा तयार झाल्यावर ती बघायला ओतशाळेत आली, तेव्हा मला मान वर करता येईना. ती म्हणाली, “तुम्हीच का ते? मग आता लाजून काय उपयोग?” वर्षभरात लग्न झालं. पुतळा कुठून कुठून फिरत तळघरात गेला. शिल्पकार बाई वारल्या. आपण कुठे उभ्या आहोत हे बघायला जायची इच्छा हिला कधी झाली नाही, आणि मीही गेलो नाही. अस्सल घरी असताना नकलेकडे कोण जातं?

दुपारचे अडीच वाजले असतील. तळघराला खिडकी नाही. एक ट्यूबलाइट, तिची गुणगुण, आणि जुन्या मेणाचा गोडसर, जरासा कुबट वास. कोठीच्या बाईंनी, म्हणजे तिथल्या सामानाची नोंद ठेवणाऱ्या बाईंनी, चादर ओढली आणि त्या आपल्या टेबलाकडे गेल्या.

ती तशीच उभी होती. डावा हात वर, केस धरलेले. उजवा हात मांडीशी, तळवा किंचित उघडा. अंगावर एक धागा नाही, आणि तरी चेहऱ्यावर अगदी स्वतःच्या घरात असल्यासारखा निवांतपणा. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू.

मेण लावण्याआधी आम्ही पुतळा हाताने चाचपतो. धातूची चमक डोळ्यांना फसवते, तळहाताला फसवत नाही. मी डोळे मिटले आणि खांद्यापासून खाली येऊ लागलो. पाठ ओळखीची. कंबर… कंबर थोडी जास्त भरली. वाटलं, माझाच हात म्हातारा झाला. मग उजव्या गुडघ्यावर बोट अडकलं. एक बारीक, चंद्रकोरीसारखी खूण.

तशी खूण माझ्या बायकोच्या गुडघ्यावर आहे. जिन्यावरून पडली होती, तेरा वर्षांपूर्वी.

पुतळा हलवताना कुठेतरी आपटला असेल, असं म्हणून मी पुढे गेलो. पोटावर हात गेला तर ओटीपोटाशी आडवी, शिवल्यासारखी रेघ. लेकीच्या वेळची. उजव्या मनगटावर किटलीचा चटका. हनुवटीखाली सैल पडलेली घडी. चोवीस वर्षांच्या मुलीचं अंग मी स्वतः घासून दिलं होतं, आणि आता माझ्या हाताखाली आमचा सगळा संसार होता. भीती वाटायला हवी होती. पण मला काय वाटलं सांगू? मजा वाटली. एखाद्याने आपली जुनी पत्रं जपून ठेवावीत आणि ती अचानक सापडावीत, तसं. मी हावरटासारखा शोधत राहिलो. ही कुठली? हां, ही सायकलची. आणि ही?

ही कुठली ते आठवेना. वर उचललेल्या डाव्या हाताखाली, काखेत, एक दाणा होता. वाटाण्याएवढा. कातडीखाली असावा तसा, गोल.

सवयीने माझा हात खिशातल्या कानशीकडे गेला, आणि तिथेच थांबला.

“बाई,” मी हाक मारली, “या पुतळ्याचे जुने फोटो असतील का हो?”

“असतात ना. दर चार-पाच वर्षांनी काढतो आम्ही.” त्यांनी नोंदवही आणली, फोटो पसरले. “का हो काका? काही तुटलं?”

“नाही. या गुडघ्यावर ही खूण…”

“असेल आधीपासून. हा बघा, यातही आहे.”

फोटोत चंद्रकोर अगदी स्पष्ट होती. मी फोटो उलटा केला. एप्रिल, तेरा वर्षांपूर्वीचा. आणि बायको पडली ती लेकीच्या लग्नाच्या आदल्या आठवड्यात, डिसेंबरमध्ये. लग्नात ती लंगडत फिरत होती, सगळ्या फोटोंत तिचा चेहरा दुखण्याने आवळलेला आहे.

“तारीख चुकली असेल,” मी म्हणालो.

“माझंच अक्षर आहे, काका. मी तारखा चुकत नाही.”

इतका वेळ मी समजत होतो की पुतळा तिच्या मागून येतोय. तो मागून येत नव्हता. तो निदान आठ महिने पुढे होता.

घरी आलो तेव्हा ती गॅलरीत बसून शब्दकोडं सोडवत होती. मी चप्पल काढायच्या आत म्हणालो, “अगं, जरा डावा हात वर कर.”

“आता या वयात?” ती हसली. मी हसलो नाही, तेव्हा तिने पेन्सिल खाली ठेवली. मी सगळं सांगितलं. मग स्वतःच काखेत बोटं फिरवली, मला फिरवायला लावली. काहीच नव्हतं. “काखेत कळसा आणि गावाला वळसा ऐकलं होतं,” ती म्हणाली, “तुमचं काहीतरी भलतंच.” पण तिची बोटं थंड पडली होती.

डॉक्टर बाईंनी तपासलं, यंत्राखालून काढलं. सगळं स्वच्छ. “इतक्या काळजीने आलात ते बरं केलंत,” त्या म्हणाल्या. “सहा महिन्यांनी पुन्हा या.” रस्त्यात ती एवढंच म्हणाली, “म्हणजे अजून आलेला नाही.”

दुसऱ्या दिवशी ती माझ्याबरोबर तळघरात आली. कोठीच्या बाईंना मी सांगितलं, मदतीला आणलंय. बाईंनी एकदा हिच्याकडे पाहिलं, एकदा पुतळ्याकडे, आणि चहाला निघून गेल्या.

बराच वेळ ती नुसती बघत राहिली. “किती ताठ उभी राहायचे नाही मी?” मग स्वतःच्याच काखेत, म्हणजे त्या धातूच्या काखेत, तिने बोट घातलं. “हा?”

“हा.”

“घासून टाका.”

माझी छाती होईना. चाळीस वर्षांत हजारो दाणे घासले असतील. पण हा घासला आणि हिला तिथे काही झालं तर? किंवा काहीच न होता तो नुसता आत गेला तर? मी तसं बोललो. म्हणालो, “काय होईल सांगता येत नाही गं…”

“नाही घासला तर काय होईल ते सांगता येतंय ना?” ती म्हणाली. “आणा इकडे. अंग माझं आहे.”

तिने कानस घेतली. चुकीची धरली होती, मी तिचा अंगठा सरळ केला. पुतळा आतून पोकळ असतो, धातूची जाडी जेमतेम चार मिलिमीटर. कानस फिरली की सगळं अंग गुणगुणतं. त्या बंद खोलीत तो आवाज पुतळ्यातून आला की हिच्या घशातून, मला कळेना. तिने डोळे घट्ट मिटले होते.

“दुखतंय का?”

“नाही… गुदगुल्या होतायत.”

सहा हात मारले तिने. मी मोजले. दाणा गेला. जागा सपाट, सोन्यासारखी पिवळी चकचकीत झाली. त्यावर रंग चढवायचा तर धातू ज्योतीने तापवावा लागतो. पुतळ्याला ज्योत लावायचा विचारही मला सहन झाला नाही. तसंच मेण लावलं आणि तिचा हात धरून बाहेर आलो. उन्हात आल्यावर ती रडली, मग मीही रडलो.

सहा महिन्यांनी तपासणी, स्वच्छ. वर्षाने तपासणी, स्वच्छ. डॉक्टर बाई म्हणाल्या, आता कशाला येता? त्या दिवशी आम्ही दोघं चालत घरी आलो, वाटेत तिने नवीन शब्दकोड्यांचं पुस्तक घेतलं, जाडजूड. एवढी कोडी सोडवायला वेळ मिळणार, याचंच मला कौतुक वाटलं. एक मात्र तिने बजावलं होतं. “पुन्हा त्या पुतळ्याला चाचपायचं नाही. जे येईल ते येईल तेव्हा बघू.” मी शब्द दिला.

दोन वर्षं झाली होती, गेल्या सोमवारी पुन्हा मेणाचं बोलावणं आलं. ब्रशनेच लावायचं ठरवून गेलो. डोळे उघडे ठेवले. पण बोटांच्या बेचक्यांत ब्रश जात नाही, तिथे बोटच घालावं लागतं. उजव्या तळव्यावर माझा तळवा टेकला आणि मी थबकलो. बोटांच्या मुळाशी चार घट्टे होते, अंगठ्याखाली पाचवा. कानशीची मूठ जिथे बसते, बरोबर तिथे. माझ्या हाताला आहेत तसेच. असे घट्टे वीस-वीस वर्षं घासल्याशिवाय पडत नाहीत. तिने उभ्या जन्मात सहा हात मारले होते.

मग मी शब्द मोडला. बॅटरी घेतली आणि डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. घासलेली जागा लपत नाही, पिवळी चमकते. काखेतली एक सोडली तर अंगभर कुठेच पिवळा ठिपका नव्हता, म्हणजे हे घट्टे पुतळा घासून पडणारे नव्हते. कोठीच्या बाईंना विचारलं, काकू कधी आल्या होत्या का? म्हणाल्या, “नाही हो. तेव्हाच काय त्या.”

घरी आलो तर ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसली होती. समोर माझी कानशींची पेटी, उघडी. मला बघून तिने पेटी सावकाश बंद केली.

मी तिचा उजवा हात हातात घेतला. मऊच होता. फक्त तर्जनीच्या मुळाशी एक ताजा फोड होता, पाणी भरलेला. कानस हातात घेतली की पहिल्या आठवड्यात सगळ्यांना येतो, तो.

“काय बघताय?” ती हसत म्हणाली. “भविष्य?”

मी पेटी उघडली. सगळ्यात बारीक कानस ओली होती, नुकतीच पुसल्यासारखी. कानशीच्या दातांत काय अडकलंय त्यावरून काय घासलं ते मला सांगता येतं. ब्राँझ पिवळं अडकतं. ही भुकटी पांढरी होती, हाडाची असते तशी.

“काय घासलंस?”

“नखं,” ती म्हणाली, आणि दोन्ही हात टेबलावर ठेवले.

तिची नखं होती तेवढीच लांब होती.