चिमणी घोडीचे चार नाल

आधीच सांगते, ही गोष्ट मी रचलेली नाही. रचायची असती तर यात पांढऱ्या साडीतली एखादी बाई घातली असती, स्मशान घातलं असतं, झालंच तर रात्रीचे बारा वाजवले असते. यातलं काहीच यात नाही.

यात एक घोडी आहे. आणि माझी मावसबहीण कोकिळाताई.

ज्यांना खोटं वाटतं त्यांनी खुशाल डोणगावला उतरावं आणि तिथून कोसभर चालत जावं. गावाचं नाव लिहू नको अशी मोठ्यांची ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही. पण ती पांदण, शेतातून गावात येणारी गाडीवाट, अजून तिथंच आहे. पांदणीच्या तोंडाशी हिवराचं झाड आहे. त्याच्याखाली काय पुरलंय ते गावातलं शेंबडं पोरही सांगेल.

साल चौसष्ट. मार्गशीर्ष महिना. वेळ दिवेलागणीची.

कोकिळाताई तेव्हा तेरा वर्षांची. ओट्यावर बसून कंदिलाची काच पुसत होती. आत चुलीवर भाकरी थापल्याचा आवाज येत होता. थंडी पडायला लागलेली.

आणि पांदणीकडून आवाज आला...

धप.

धप... धप...

तिचा हात काचेवरच थांबला.

ही चाल तिनं सात वर्षं ऐकली होती. हजार घोड्यांत तिनं ती ओळखली असती. सावकाश, मोजून टाकलेलं पाऊल. मध्ये थोडं थांबणं. मग पुढचं पाऊल.

आवाज ओट्यासमोर आला आणि थांबला.

समोर कुणीच नव्हतं.

शेजारचा कुत्रा रोज या वेळी नुसता बोंबलायचा. त्या दिवशी त्यानं तोंडसुद्धा उघडलं नाही.

"चिमणे?" ताई हळूच म्हणाली.

चिमणीला पुरून आठवडा झाला होता.

चिमणी म्हणजे ताईच्या आजोबांची, पुंजाजी आबांची, टांग्याची घोडी. नाव चिमणी, आणि उंची अशी की शेजारच्या गोजराबाईच्या छपरावरचं गवत उभ्या उभ्या खायची. गोजराबाई रोज शिव्या द्यायची आणि रोज तिलाच भाकरीचा चतकोर द्यायची. अंगानं अबलख, म्हणजे पांढऱ्यावर काळे ठिपके. मेहकरच्या रस्त्यानं एस.टी. धावायला लागली आणि टांग्यात बसायला माणूस मिळेना. जो तो म्हणायचा, आता विका घोडी.

"काऊन इकू?" आबा म्हणायचे. "तिचा चारा तू टाकून राह्यला का बे?"

त्याच वर्षी ताईला ताप आला आणि उजवा पाय लुळा पडला. मेहकरचे डॉक्टर म्हणाले, पोरीला बसवून ठेवू नका, त्या पायाला कामाला लावा. आबांना काम म्हटलं की घोडीच आठवायची. त्यांनी सहा वर्षांच्या नातीला चिमणीच्या उघड्या पाठीवर बसवलं. आधी नुसतं बसायचं. मग तोल धरायचा. मग एक दिवस आबांनी तिला खाली उतरवलं आणि आयाळ तिच्या मुठीत दिली.

चिमणी एक पाऊल टाकायची. थांबायची. ताईचं पाऊल पडलं की पुढचं टाकायची.

ताई पडली तर चिमणी जागची हलायची नाही. मान खाली घालून नुसती वाट बघायची.

"अख्ख्या गावात माही कीव न करणारी थे एकटीच व्हती," ताई सांगते.

दोन वर्षांनी डॉक्टरांनी ताईला नुसत्या काठीवर चालताना पाहिलं आणि तिला पुन्हा पुन्हा चालून दाखवायला लावलं. मग तेच आपल्याकडच्या लोकांना सांगू लागले की अमुक गावात एक घोडी आहे, तिच्याकडे न्या. बैलगाड्या भरून लुळ्या पायांची पोरं येऊ लागली. सहदेवभाऊंचा मुलगा विहिरीत पडून वाचला होता, पण त्याची वाचाच गेली होती. तो चिमणीच्या कानात पहिला शब्द बोलला. तानाबाईचा तरणा मुलगा गेला, तिनं खाणंपिणं सोडलं, तर ती येऊन चिमणीच्या मानेवर कपाळ टेकवून बसायची. चिमणी शेपटीनं माश्यासुद्धा उडवायची नाही.

रोज दिवेलागणीला चिमणीची फेरी निघायची. पोरं दोन्ही बाजूंना आयाळ धरून. गावाचा दिवा त्या टापांवर लागायचा.

अशी ही घोडी. ती म्हातारी होऊन गेली, ते कुणाच्या हातात नव्हतं.

आता मुद्द्याची गोष्ट. घोड्याचा वापरलेला नाल दारावर ठोकला की भुतंखेतं आत येत नाहीत, असं आमच्याकडं मानतात. चिमणीला मातीत उतरवण्याआधी माणसं आबांच्या मागं लागली. आबा रडत होते, नाही म्हणायची शुद्ध कुठली! त्यांनी सांडशीनं चारही नाल उपसून काढले. एक सहदेवभाऊंनी नेला. एक गोजराबाईनं. एक गावचे मोठे जमीनदार उत्तमराव यांनी. आणि एक आबांनी स्वतःच्याच दारावर ठोकला.

दुसऱ्या संध्याकाळी पुन्हा आवाज आला.

तिसऱ्याही.

गोजराबाईच्या दारात थांबला. सहदेवभाऊंच्या दारात थांबला. उत्तमरावांच्या दारात तर इतका वेळ थांबला की गोठ्यातल्या बैलानं दावं तोडलं. सकाळी गाईनं दूध चोरलं. एवढं झाल्यावर काय? ज्या गावानं तिच्या गळ्यात झेंडूच्या माळा घातल्या होत्या, तेच गाव तिला भूत म्हणू लागलं.

उत्तमरावांनी मोतीराम भगताला बोलावलं.

ओसरीवर माणसं जमली. मोतीरामनं डोळे मिटले, डोकं हलवलं आणि सांगितलं, "जनावर दारादारानं जीव मागून राह्यलं. अवसेले तिच्या जागेवर लोखंडाची मेख ठोका लागते. मंग थे जागची उठत नाही. कवाच नाही."

आबा खाली मान घालून बसले होते. त्यांनी ती वर केली नाही.

पण ताई उठली. काठी टेकत पुढं आली.

"मेख? चिमणीले?"

"पोट्ट्यांनी मधात बोलू नाही," उत्तमराव म्हणाले.

"मी नाही बोलली तर कोन बोलन? इथं तं सगळ्याईच्या दातखिळ्या बसल्या." ताई मोतीरामकडं वळली. "भगतबुवा, थे कोनाच्या दारात थांबते?"

"चार घरं."

"चारच काऊन? गावात इतके घरं हायेत!"

मोतीरामनं उत्तमरावांकडं पाहिलं.

"अन् आवाज कसा येते? टण् येते का?"

तेव्हा सगळ्यांना एकदम आठवलं. चिमणी चालली की दगडावर लोखंड वाजायचं. हा आवाज तसा नव्हता. हा मऊ होता... बोदा होता...

अनवाणी होता.

"जीव नाही मागत थे," ताई म्हणाली. "आपले नाल मागून राह्यली. तुमी तिचे जोडे काढून दाराले ठोकले, अन् आता तिलेच मेख मारता?"

ती घरी गेली. उखळ पालथं घालून त्यावर चढली आणि सांडशीनं आपल्या दारावरचा नाल उपसला. आबा मागून आले आणि त्यांनी तिचं उखळ धरून ठेवलं.

सहदेवभाऊंनी दारात पोचायच्या आधीच नाल काढून ठेवला होता. गोजराबाई मात्र कमरेवर हात ठेवून उभी राहिली.

"माह्या छपराचं गवत खाल्लं, आता नाल बी ने! घरात भूत शिरलं तं तुह्याकडंच झोपाले येईन मी."

"ये ना वं मावशी. पन घोरू नको."

तीन नाल झाले.

उत्तमराव दारातून हलले नाहीत. दिवेलागण व्हायला आली होती. मागं माणसं जमली होती, पण लांब. फार लांब.

"नाल भेटत नाही," उत्तमराव म्हणाले. "घराची राखन हाय थे."

"कोनापासून राखन, काकाजी?"

"वाईटापासून."

"जिच्या पायाचा नाल, तिलेच भेता? तुमच्या नातीले कोनं चालवलं? मोतीरामनं?"

उत्तमरावांचा चेहरा लाल झाला. ते काही बोलणार, एवढ्यात...

धप.

लांब उभी असलेली माणसं कुठं गेली कळलंच नाही. खाडखाड दारं लागली.

धप... धप...

उत्तमरावांनी आत पाऊल घेतलं. ताई दाराकडं पाठ करून, आवाजाकडं तोंड करून उभी राहिली. ती घाबरली होती, ते ती नाकारत नाही. रस्त्यावरच्या धुळीत खळगा उमटला. कुणी दिसत नव्हतं. नुसता खळगा, गोल, खुराएवढा. मग दुसरा. मग तिसरा, तिच्या अगदी जवळ.

काठी निसटली.

ताई पडली.

खळगे उमटायचे थांबले.

आणि तिच्या मानेवर ऊन ऊन श्वास आला. हरभऱ्याचा वास असलेला...

ताई सांगते, त्या क्षणी तिची भीती गेली. रागच आला. जी आपल्यासाठी अशी थांबते, तिला लोक मेख मारायला निघाले! काठी लांब पडली होती. तिनं ती घेतलीच नाही. हात टेकले, डावा पाय रोवला, उजवा ओढून घेतला आणि ती उभी राहिली. आधार नव्हता. आयाळसुद्धा नव्हती.

"काकाजी," ती मागं न बघता म्हणाली, "नाल द्या."

मागं सांडशी वाजली. नाल उत्तमरावांच्या हातातून दोनदा खाली पडला. पण त्यांनी दिला.

सकाळी आबांनी हिवराखाली खोदलं आणि चारही नाल मातीत ठेवले. अवसेला मोतीराम मेख घेऊन आला, तेव्हा ताई त्या जागेवर मांडी घालून बसली होती. भूगोलाचं पुस्तक वाचत.

"उठ वं पोरी."

"मेख माह्यातून जाईन मंग."

दुपारपर्यंत तो उभा राहिला. मग त्याला तहान लागली आणि तो गेला.

त्या संध्याकाळी टापा आल्या.

टण्... टण्... टण्... टण्.

खणखणीत लोखंड. कुणाच्याच दारात थांबल्या नाहीत. सरळ गावातून गेल्या. आबा ओट्यावर बसून हसले आणि रडले, दोन्ही एकदम.

गोष्ट इथंच संपली असती तर मी आज शांत झोपले असते.

पुढच्या दिवाळीत मी बुलढाण्याहून ताईकडं गेले. दिवेलागणीला आम्ही दोघी ओट्यावर होतो. टापा आल्या. मी ताईचा हात घट्ट धरला, पण पळाले नाही, हे लिहिलंच पाहिजे.

टण्... टण्...

सर्र्...

टण्... सर्र्...

टापांच्या सोबत कुणीतरी होतं. लहानसं अनवाणी पाऊल. एक पाय घासत चालणारं.

"ताई, कोण गं ते?"

"काय माईत. कोनीतरी शिकून राह्यलं."

सकाळी मी घरोघर जाऊन विचारून आले. गावात चालता न येणारं एकही पोर त्या वेळी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तो आवाज आमच्यासमोरच धप्पकन थांबला. कुणीतरी पडलं होतं. टापाही थांबल्या. ताई ओट्याच्या कडेला गेली आणि रिकाम्या रस्त्याला दटावून म्हणाली, "उठ बे! रडू नको. थे थांबते तुह्यासाठी."

बराच वेळ काहीच नाही...

मग टण्. मग सर्र्.

त्या दिवाळीनंतर सहा-सात महिन्यांनी, यंदा मे महिन्यात, पुन्हा गेले होते. आता ते पाऊल घासत नाही. दोन्ही पाय सारखे पडतात. आणि टापा ऐकू येत नाहीत. ते एकटंच येतं. पांदणीकडून येतं आणि दारोदार थांबतं, घर शोधत असल्यासारखं.

गाव पुन्हा मोतीरामचं नाव काढतंय. ताईनं उत्तमरावांच्या ओसरीवर जाऊन सांगितलं, "आना मेख. मी हायेच. ज्याले चिमणीनं चालाले शिकवलं, थे वाईट कसं असन?"

एका संध्याकाळी ते आमच्या दारात थांबलं. ताईनं दार सताड उघडलं.

"ये," ती म्हणाली. "घरात ये."

आणि दोन लहान पावलं उंबरा ओलांडून आत आली. सारवलेल्या जमिनीवरून, माझ्या अगदी जवळून, आतल्या खोलीत गेली.

मी त्यानंतर आणखी आठ दिवस तिथं राहिले. रोज कान देऊन बसले.

ती पावलं बाहेर गेलेली मी ऐकली नाहीत.