झारीभर पाऊस

एका स्लीपिंग बॅगवर दुसरी फुकट होती, आणि त्याला एकच हवी होती. गल्ल्यापाशी उभा राहून तो हेच समजावून सांगत होता.

"दुसरी नकोच मला. पहिली अर्ध्या किमतीत देता येईल का?"

"तसं नाही होत," गल्ल्यावरची बाई म्हणाली. "एक घ्या नाहीतर दोन घ्या, पैसे तेवढेच."

"बरं... मग तेवढे घ्या," असं म्हणून त्याने खिशातून पाकीट काढलं.

रांगेत त्याच्या मागेच ती उभी होती. दूध उतू जाताना दिसलं की हात जसा आपोआप पुढे होतो, तसं तिचं झालं. डोळ्यांदेखत कुणी पुरी किंमत मोजतंय, हे तिला बघवेना.

"थांबा," ती म्हणाली. "दुसरी मी घेते. पैसे निम्मे-निम्मे."

तो वळला. त्याचा चष्मा डावीकडे कललेला होता. ती चष्म्याच्या दुकानात नोकरी करायची, तिचं लक्ष आधी तिथेच गेलं. पण त्या कललेल्या काचांमागचे डोळे इतक्या मोकळेपणाने हसले, की चष्म्याबद्दल बोलायचं तिच्या ओठांवरच राहिलं.

दुकानाबाहेर दोघं आपापलं गाठोडं बगलेत मारून उभे राहिले. निघायचं होतं, पण कुणीच निघत नव्हतं.

"तुम्ही नेहमी... म्हणजे, डोंगरात वगैरे जाता?" त्याने विचारलं.

खरं उत्तर सोपं होतं. पण तो एवढ्या आदराने बघत होता, की तिच्या तोंडून निघून गेलं, "जाते की."

घरी ही नवी बॅग माळ्यावर चढली. तिथे आधीच एक कंदील होता, झाडाला बांधायची झोळी होती, घडीचा पेला होता, छोटा स्टोव्ह होता आणि दोराची तीन वेटोळी. सगळं कुठल्या ना कुठल्या सेलमधलं आणि सगळं कोरं. दादा तिला सवलतबाई म्हणायचा. वहिनी त्याहून वरचढ.

"अहो, आपल्या माळ्यावर अख्खी छावणी पडलीये," वहिनी दादाला म्हणाली. "डोंगर तेवढा मावला नाही, म्हणून बाई अडल्यात."

त्या दिवशी दुकानाबाहेरच्या गप्पांत तिला कळलं होतं, तो मोजणीखात्यात होता. थंडीच्या तोंडाशी निघून सहा महिने डोंगरात राहून तिकडच्या वाटांचा नकाशा करायचं काम त्याच्याकडे आलं होतं. मोजायची यंत्रं कचेरी देणार होती. अंथरूण, बूट, स्टोव्ह, तंबू मात्र ज्याचं त्याने बघायचं.

"डोंगराची उंची मी नुसत्या अंदाजाने सांगेन," तो तिला म्हणाला. "पण दुकानदार जी किंमत सांगेल, ती मला योग्यच वाटते."

"पुढच्या रविवारी माझ्याबरोबर चला," ती म्हणाली. आणि मग घाईघाईने, "म्हणजे... तुमचं नुकसान होऊ नये म्हणून."

असे त्यांचे रविवार सुरू झाले. बाजाराच्या मागच्या गल्लीत एका काकांचं दुकान होतं. खोकं फाटलेला, रंग जुना झालेला, कुणी परत केलेला सगळा माल तिथे स्वस्तात मिळायचा. तिने त्याला घासाघिशीचे धडे द्यायला सुरुवात केली. जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही, तिच्या शेजारच्या वस्तूची चौकशी करायची. पुरुषांनी पाठीमागे हात बांधून उभं राहायचं, म्हणजे घाई नाही असं वाटतं. तो इमानेइतबारे हात बांधून उभा राहायचा, आणि काकांनी आकडा सांगताच म्हणायचा, "अरे वा, चांगलाय की भाव."

"तुम्ही माझे विद्यार्थी आहात हे बाहेर कुठे बोलू नका," ती कुजबुजायची.

"मग काय म्हणून सांगू?"

"काहीच सांगू नका."

"बरं," तो म्हणायचा, आणि हसू दाबत उगाच एखादी वाटी उलटीसुलटी करून बघायचा.

एकदा तो तिच्या दुकानात आला. चष्म्याचा नाकाजवळचा स्क्रू निघाला होता. तिने स्क्रू बसवला, दांड्या गरम करून किंचित वाकवल्या आणि चष्मा त्याच्या डोळ्यांवर ठेवला. दिवसभर ती हेच करायची. लोकांच्या डोळ्यांत बघायची, कानांमागे बोटं न्यायची, त्याचं कधी काही वाटलं नव्हतं.

"समोर बघा," ती म्हणाली.

"समोरच बघतोय," तो म्हणाला.

तिने हात मागे घेतला. चष्मा आता सरळ होता. पुढच्या गिऱ्हाइकाला मात्र तिने दुसऱ्याचीच फ्रेम दाखवली.

हळूहळू सगळं जमत गेलं. स्टोव्ह मिळाला, बूट मिळाले, पातेली मिळाली. राहिला तंबू. आणि तंबूचं घोडं अडलं ते अडलंच. एकाचा रंग फार भडक, पाखरं बिचकतील. एकाची चेन घट्ट. एकाला म्हणे वास येतो.

"कसला वास?"

"तसा... तंबूचा."

"स्थळं नाकारावीत तसे तंबू नाकारताय तुम्ही," ती म्हणाली.

"मनासारखं स्थळ आलं तर लगेच हो म्हणेन." एवढं बोलून त्याने चष्मा काढला आणि स्वच्छच असलेल्या काचा पुसत बसला.

त्या रात्री जेवताना तिचं लक्ष ताटात नव्हतं. तंबू मिळाला की खरेदी संपणार. खरेदी संपली की तो जाणार. आपण इतकी खटपट करतोय ती त्याला लवकर घालवायलाच की काय, असं तिच्या मनात आलं.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही. तंबू मिळत नाहीये."

"आणि तो मिळत नाही म्हणून वाईट वाटतंय, की मिळेल म्हणून?" वहिनीने वाढता वाढता विचारलं. हिने घाईने पाण्याचा पेला तोंडाला लावला.

आणि मग तो मिळाला. जेवणाच्या सुट्टीत ती सहज काकांच्या दुकानात डोकावली, तर कोपऱ्यात एक तपकिरी तंबू टेकून ठेवलेला. दुहेरी कापड, मजबूत शिवण. नुसती वरची पिशवी फाटली म्हणून कुणी परत केलेला, आणि भाव निम्म्याच्याही खाली. तिने शिवणीवरून बोट फिरवलं. एक खोटही सापडेना. न बोलता बाहेर पडलं असतं तर संध्याकाळपर्यंत तो दुसऱ्या कुणी नेला असता. पण मग डोंगरातली थंडी, आणि हा वेंधळा माणूस भलत्याच पातळ कापडाखाली कुडकुडत पडलेला... ते चित्र काही डोळ्यांसमोरून हलेना.

"काका, हा बाजूला ठेवा. त्यांच्यासाठी."

"कुणासाठी? ते चष्मेवाले मोजणीसाहेब?" काका म्हणाले. "त्यांनी तर मागच्या महिन्यातच हिरवा नेला की माझ्याकडून. एकटेच आले होते. एका शब्दाने घासाघीस केली नाही, म्हणून तर लक्षात राहिले."

ती तिथेच उभी राहिली. आधी राग आला. एवढी पायपीट करवली, वर थट्टा? मग एकेक तंबू आठवायला लागला. तो भडक, ती घट्ट चेन, तो वास. मागच्या महिन्यापासून हा माणूस घरी तंबू ठेवून दर रविवारी तंबू शोधत फिरत होता. तिचे कान गरम झाले. राग कुठे गेला तेच कळेना.

तिने फोन लावला. "तंबू मिळालाय. संध्याकाळी या."

पलीकडून तो चाचरत म्हणाला, "रविवारी... नाही चालणार?"

"नाही. आजच या."

तो कचेरीतून तडक आला, कानावर पेन्सिल तशीच. दुकानामागच्या अंगणात तिघांनी मिळून तंबू उभा केला. काकांनी कोपऱ्यातली झाडांना पाणी घालायची झारी भरून आणली.

"आत बसा दोघं," ते म्हणाले. "मी वरून पाणी सोडतो. गळत असेल तर आतूनच कळतं. तुम्ही ती बाजू बघा, ताई ही बाजू बघतील."

आत तपकिरी उजेड होता. गुडघे जवळ घेऊनही जागा कमीच. वरून पाणी पडायला लागलं, आधी थेंब थेंब, मग सलग. छताशिवाय दुसरा आवाज उरला नाही.

"गळतंय का?" काकांनी बाहेरून विचारलं.

"बघतोय," तो म्हणाला.

"हिरवा गळत नाही ना?" तिने हळूच विचारलं.

त्याने मान खाली घातली. "काकांनी सांगितलं वाटतं."

"घासाघीस केली नाहीत म्हणून लक्षात राहिलात त्यांच्या."

"तुम्ही बरोबर नव्हतात. पुरी किंमत दिली."

"त्याचाच जास्त राग आलाय मला."

तो हसला, पण लगेच गंभीर झाला. "तंबू मिळाला असं सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी काय निमित्त काढलं असतं मी? मला निमित्तं सुचत नाहीत. मोजणी येते तेवढी."

"सरळ विचारायचं की."

"सरळ सांगतो मग. मला तू आवडतेस. फार... म्हणजे, तुम्ही—"

"असू दे," ती म्हणाली. "तूच बरं वाटतं."

पाणी थांबलं. काका पुन्हा झारी भरायला गेले असावेत, नळाचा आवाज येत होता.

"तिकडे वर एक पठार आहे," तो आता भरभर बोलायला लागला. "नकाशात नुसती वळणावळणाची रेघ दिसते, पण मी पाहून आलोय. तुला आवडेल. तू तर किती ठिकाणी राहिली असशील. जोडून सुट्टी आली की ये. येशील?"

आता हो म्हणणं सोपं होतं, आणि तेच तिला नको होतं.

"मी आजवर एकही रात्र बाहेर काढलेली नाही," ती म्हणाली.

"एकही?"

"गच्चीवरसुद्धा नाही. डास चावतात."

तो बघतच राहिला. "मग ते... वाऱ्याकडे पाठ करून स्टोव्ह पेटवायचा? बूट अर्धा नंबर मोठे घ्यायचे?"

"खोक्यावर लिहिलेलं असतं."

झारी पुन्हा सुरू झाली. त्याने कानावरची पेन्सिल काढून बोटांत फिरवली. तिला वाटलं, झालं, संपलं. सहा महिने डोंगरात काढणाऱ्या माणसाला आपण खोक्यावरचं वाचून शिकवलं.

"मग एवढं सगळं घेतलंस कशाला?" त्याने विचारलं. आवाजात राग नव्हता. खरंच जाणून घ्यायचं होतं त्याला.

"स्वस्त मिळालं म्हणून, असं घरी सांगते." ती छताकडे बघत होती. "पण खरं सांगू? प्रत्येक वस्तू घेताना वाटतं, आता आपण जाणार. ते वाटणं फार छान असतं. आणि गेलो, आणि आवडलंच नाही तर? मग ते वाटणंसुद्धा गेलं."

तो विचारात पडला. उंची सांगण्याआधी डोंगराकडे तो असाच बघत असेल, असं तिला वाटलं.

"नाही आवडलं तर सकाळी खाली बस असते," तो म्हणाला. "मी सोडायला येईन." मग थोडं थांबून, "आवडलं तर... दुपारचीही असते."

ती हसली. मनावरचं केवढं तरी ओझं उतरल्यासारखं हसली.

"एकटीला नाही सोडायचे घरचे. दादा-वहिनी येतील बरोबर. वहिनी तर आधीच बॅग भरून बसेल."

"येऊ देत की. आपल्याकडे दोन तंबू आहेत."

"हा अजून घेतलेला नाही. भाव व्हायचाय."

"तू कर. मी हात मागे बांधून उभा राहतो."

पण आत्ता त्याचे हात मागे नव्हते. एक हात दोघांच्या मधल्या कापडावर होता, आणि तिने आपला हात त्याच्या शेजारी नेऊन ठेवला. करंगळीला करंगळी लागली. कुणीच हात हलवला नाही. छतावरचे शेवटचे थेंब ओघळून कडेने खाली गेले, आणि सगळीकडे शांत झालं.

"संपली झारी," काका बाहेरून म्हणाले. "काय ठरलं? गळतंय का?"

त्याने तिच्याकडे पाहिलं. तंबूत एक थेंबही आला नव्हता.

"काका, नीट कळलं नाही," ती म्हणाली. "अजून एक झारी ओता."