खालून विचारलेला प्रश्न

सन २०१९, हिवाळा. डिसेंबरची बारा तारीख, गुरुवार. माझा साडू गाड्या दुरुस्त करतो, सगळे त्याला मिस्त्री म्हणतात. हे त्यानं मला एकदाच सांगितलं. पुन्हा विषय काढला नाही. मीही एकदाच सांगणार आहे. मोबाईल खाली ठेवा.

रात्री साडेनऊला एका मास्तरांचा फोन आला. कालव्याच्या रस्त्यावर गाडी बंद. चावी फिरवली की नुसतं टक्. मिस्त्रीनं ओळखलं, सोलेनॉइड गेला. स्टार्टरवर बसणारा मुठीएवढा डबा तो. बॅटरीचा करंट स्टार्टरला तोच पोचवतो. नवा घेतला आणि स्कूटरवर निघाला.

मास्तर गाडीला टेकून उभे होते. म्हणाले, "बायको म्हणते, गाडी माझ्यावर गेलीय. हाक मारली की हूं करते, उठत नाही."

मिस्त्री हसला नाही. दीड वर्ष तो हसला नव्हता.

का, ते ऐका. गॅरेज दोघांचं होतं. भागीदाराला सगळे डावऱ्या म्हणत. त्यांची रीत ठरलेली. गाडीखाली असेल त्यानं विचारायचं, "न्यूट्रल?" वर असेल त्यानं गिअरचा दांडा हातानं हलवून बघायचा, मग सांगायचं, "न्यूट्रल." त्यानंतरच खालच्यानं सोलेनॉइडच्या दोन टोकांना स्क्रूड्रायव्हर टेकवायचा. चावीशिवाय इंजिन फिरतं. त्या दुपारी डावऱ्या खाली होता. त्यानं विचारलं. मिस्त्री हात पुसत होता. न बघताच म्हणाला, "न्यूट्रल."

गाडी पहिल्या गिअरमध्ये होती. अंगावर आली, डावऱ्या जागीच गेला.

लोक म्हणाले, डावऱ्या धांदरट, विचारलंच नसेल. मिस्त्री गप्प बसला. डावऱ्याच्या बायकोनं, वहिनींनी, तेच ऐकलं. पोरांनीही तेच ऐकलं.

तर त्या रात्री. रेंज फक्त पुलावर होती, म्हणून घरी कळवायला मास्तर पुन्हा तिकडे चालत गेले. मिस्त्रीनं बॅटरीची वायर सोडवली, खाली शिरला. दोन बोल्ट, जाड वायर, बारीक वायर. जुना सोलेनॉइड काढून मातीत ठेवला. नवा बसवला. बाहेर येऊन बॅटरी जोडली, परत खाली गेला. स्क्रूड्रायव्हर टोकांपाशी नेला. सवयीनंच तोंडातून गेलं.

"न्यूट्रल?"

वर कोणी नव्हतं.

हात थांबला.

वर सीट करकरली...

"गिअरमध्ये आहे."

डावऱ्याचा आवाज. रागावलेला नाही. जेवलास का, असं विचारावं तसा.

...

मिस्त्री सरपटत बाहेर आला. सीटवर कोणी नाही. मास्तरांचा टॉर्च लांब, पुलावर. दांडा पहिल्या गिअरमध्ये. उतार म्हणून मास्तरांनीच तसा टाकून ठेवला होता.

मिस्त्री म्हणतो, भीती वाटली नाही. काहीच वाटलं नाही. बोटं आपली वाटत नव्हती, एवढंच.

मातीत ठेवलेला जुना सोलेनॉइड तिथे नव्हता. सीटवर होता. फडक्यात बांधलेला. वर तांब्याची तार, तीन वेढे, उलट्या बाजूनं पिळलेली. काढलेला पार्ट गिऱ्हाइकाला डावऱ्या असाच बांधून द्यायचा.

मास्तर परत आले.

"हे तुम्ही बांधलं?"

"मी? मला बुटाची नाडी धड बांधता येत नाही."

दांडा न्यूट्रलला आणून चावी फिरवली. गाडी एका दमात चालू झाली.

"जुना पार्ट मला हवाय," मिस्त्री म्हणाला.

"न्या की. मी काय त्याची पूजा करू?"

पावणेअकराला त्यानं वहिनींचं दार वाजवलं. पुडकं हातात दिलं. वहिनींनी तारेवरून बोट फिरवलं.

"ही यांची गाठ आहे."

"हो."

वहिनींनी पुडकं पदरात घेतलं.

"वहिनी, त्यानं विचारलं होतं. मीच न बघता सांगितलं."

वहिनींनी आत जाऊन दोन्ही पोरांना उठवून आणलं. मिस्त्रीसमोर उभं केलं.

"आता यांना सांगा."

मिस्त्रीनं सांगितलं.