दाराचं पुस्तक

छापखान्यावरच्या त्या कचेरीचं दार फुगलेलं होतं. खांदा लावल्याशिवाय उघडायचंच नाही. त्या सकाळी तिने सवयीने जोर लावला, आणि नेमकं त्याच क्षणी कुणीतरी ते आतून ओढलं. झालं! ती थेट आत... एका अनोळखी शर्टाच्या खिशापाशी.

"या, या," शर्टवाला म्हणाला. "सगळे असेच येतात का इथे?"

"नाही. दार उघडणारे जरा बाजूला होतात," ती फणकारली.

तोच तिचा नवा वाचक निघाला. छापील मजकूर तपासायची तिथली रीत जुनी होती. वाचकाने मूळ प्रत मोठ्याने वाचायची, विरामचिन्हांसकट आणि अगदी सपाट आवाजात. समोरच्याने छापील पानावर पेन्सिल फिरवत चुका धरायच्या. आवाजात भाव आला की कान गोष्टीत रमतात आणि डोळे चूक सोडतात. तिच्या हातून चूक सुटत नसे, म्हणून सगळे तिला टाचणी म्हणत.

"आणि एक," खात्याचे प्रमुख, ज्यांना सगळे काका म्हणत, ते त्याला म्हणाले, "घरच्या माणसांची जोडी मी लावत नाही. एकमेकांच्या चुका पोटात घालतात."

पुस्तक एका वृद्ध प्राध्यापकांचं होतं, एकाच शब्दावर. दार! साधं, रोजचं, पण साहित्यात ते काय काय होऊन बसतं... एका कवितेत दार म्हणजे आई, एका नाटकात घराण्याची अब्रू, तर एका कथेत चक्क मरण. ती ऐकत गेली. पहिले काही दिवस तो शहाण्यासारखा सपाट वाचत होता. मग—

"म्हातारा बेल वाजवतो स्वल्पविराम मग त्याला आठवतं स्वल्पविराम आता आतून दार उघडणारं कुणी नाही..."

पूर्णविराम आलाच नाही. तिने वर पाहिलं. तोही तिच्याकडेच पाहत होता. बाहेर पागोळ्या टपटपत होत्या आणि पेन्सिल कधीची थांबली होती.

त्या पानावरची अख्खी ओळ गळलेली काकांना सापडली.

"टाचणी बोथट झाली वाटतं!" ते हसले. "बरं, तुझ्या वाचकाने जोडी बदलून मागितलीय. उद्यापासून दुसरा देतो."

चूक झाली म्हणून सोडून चालला? की ती अशी त्याच्याकडे बघत बसते, तेच त्याला नको होतं? एवढ्या दिवसांत आपण किती गुंतलो आहोत, हे तिला तेव्हा कळलं. अगदी रडू यायच्या बेतात होतं.

संध्याकाळी तो निघाला, तशी ती दारातच आडवी उभी राहिली.

"जोडी का बदलून मागितलीत? माझी चूक झाली म्हणून?"

"चूक माझी होती." तो कानापर्यंत लाल झाला. "तुम्ही समोर असलात की... सपाट वाचताच येत नाही हो."

"म्हणून पळ काढलात?"

"पळ कसला! काकांचा नियम आहे ना... घरच्या माणसांची जोडी लावत नाहीत."

"मग? आपण कुठे घरचे—" ती थबकली.

"नाही अजून," तो पुटपुटला. "म्हटलं, आधी नियमाची अडचण दूर करावी. मग विचारावं."

हुश्श! छातीवरचा धोंडा असा काही उतरला की ती हसत सुटली. हसता हसता डोळे पुसले.

"उलट्या डोक्याचे आहात अगदी! आधी जोडी मोडता आणि मग—"

"दार लावा रे! कागद उडताहेत!" आतून काका ओरडले.

दोघंही हलले नाहीत.

"विचारा ना आता," ती म्हणाली. "पण सपाट हं. विरामचिन्हांसकट."

त्याने घसा खाकरला. हात मागे बांधले. पुस्तकच समोर उघडं असल्यासारखा तो सरळ बघू लागला.

"माझ्याशी... लग्न करशील का... प्रश्नचिन्ह."

"दोन चुका," टाचणी म्हणाली. "आवाज कापला. आणि 'तुम्ही'चं 'तू' केलंस."

"मग?" त्याचा चेहरा पार उतरला.

"मग काय?" तिने हळूच त्याची बाही धरली. "घरचा माणूस आहेस. घातल्या पोटात."