मानवलेली गोळी

सकाळी आठ चाळीसला एक निवृत्त ड्रायव्हर स्वयंपाकघरात कोसळला. दहा वीसला रुग्णालयात मेला. मेंदूत रक्ताची गुठळी.

गुठळी होऊ नये म्हणून दोन वर्षं त्याला रक्त पातळ करणारी गोळी चालू होती. दाखल करताना काढलेल्या रक्तात मात्र तिचा मागमूस नव्हता.

"मुलीने गोळ्या चुकवल्या असणार," त्याचे नेहमीचे डॉक्टर म्हणाले. मुलाने बहिणीविरुद्ध तक्रार दिली.

इन्स्पेक्टर बाई त्याच स्वयंपाकघरात मुलीसमोर बसल्या.

"गोळी कोण द्यायचं?"

"मीच. बाबा माझ्यासमोर गिळायचे. दादा म्हणतो, तूच मारलंस. त्याने दोन वर्षांत पाण्याचा पेला तरी हातात दिला होता का त्यांच्या?"

"दाढी करताना कापलं तर रक्त लवकर थांबायचं?"

"लगेच. डॉक्टर म्हणायचे, बघा, गोळी मानवली."

"दर महिन्याला रक्त तपासायचात?"

"नाही. म्हणायचे, म्हाताऱ्याला सुया टोचून कशाला छळता?"

"गोळ्या कुठल्या दुकानातून?"

"दुकान कशाला? डॉक्टरच द्यायचे." तिने डब्यातून कागदी पुडी काढली. आत चार गोळ्या उरल्या होत्या. पुडीवर औषधाचं नाव नव्हतं.

तिसऱ्या दिवशी त्या गोळ्यांबद्दल प्रयोगशाळेचं उत्तर आलं. बाई थेट दवाखान्यात गेल्या. कंपाउंडर पुड्या बांधत होता.

"या गोळीवर असलेल्या माणसाचं रक्त तपासत राहावं लागतं, डॉक्टर. तुम्ही कधीच तपासलं नाहीत, कारण काय दिसेल ते तुम्हाला ठाऊक होतं. कापलं की रक्त लगेच थांबायचं, आणि तुम्ही म्हणालात, मानवली. पुडीत साधी व्हिटॅमिनची गोळी होती. मुलीने एकही चुकवली नाही. तिने इमानाने रोज तीच दिली."

डॉक्टरांनी चष्मा पुसला.

"पाच वर्षांपूर्वी खऱ्या गोळीने एक बाई इथे, या टेबलावर, रक्त ओकून गेली. तिच्या नवऱ्याने माझी कॉलर धरली."

"हजारात किती जणांचं असं होतं?"

"थोड्यांचं. गुठळीने त्याहून कितीतरी जास्त मरतात. आकडे मला शिकवू नका."

"मग?"

"गुठळीने मेला तर लोक नशीब म्हणतात. माझी कॉलर कुणी धरत नाही."

"गोळी उघडपणे बंद का नाही केलीत?"

"मोठ्या रुग्णालयाने लिहून दिलेली. बंद केली तर कारण लिहावं लागतं."

"आणि मुलीवर ढकललंत."

"कुणावर तरी ढकलावं लागणारच होतं."

कंपाउंडरने न विचारता वही पुढे केली. तीच पुडी सव्वीस जणांना जात होती. ड्रायव्हर धरून सात जण आधीच गेले होते. सातही घरांत डॉक्टर सांत्वनाला जाऊन आले होते.

बाईंनी मुलीच्या भावाला फोन लावून सगळं सांगितलं.

"म्हणजे दोन वर्षं काय भरवतेय, हे तिने एकदाही बघितलं नाही," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

संध्याकाळी पाचपर्यंत उरलेल्या एकोणीस जणांपैकी चौदा सापडले. पाच जणांचे फोन लागत नव्हते. तक्रार मागे घ्यायला भाऊ आलेला नव्हता.